वाशिष्ठी नदी व दाभोळची खाडी : कांठच्या शेतकऱ्यास मासेमारीचा पाठ

खाडीकांठच्या शेतकऱ्याची जमीन सात-बाराच्या उताऱ्यावर बांधापाशीं संपते. परंतु त्याच्या घरचें कालवण पुष्कळदां त्या बांधाच्या पलीकडून येतें. भाताचें एक पीक निघाल्यावर कोंकणांतील बहुतेक खाचरें पुढील पावसापर्यंत मोकळीं पडतात, खाडी मात्र बारा महिने पिकत असते. असें असूनहि भात, नाचणी, नारळ, सुपारी व आंबा ह्यांविषयीं जितकें लिहिलें जातें त्याच्या शतांशानेंहि खाडीच्या पिकाविषयीं लिहिलें जात नाहीं. सबब ह्या लेखांत रत्नागिरी जिल्ह्यांतील वाशिष्ठी नदी व तिची दाभोळची खाडी हें एक उदाहरण घेऊन, नदी-खाडींतील मासा कसा राहतो, तो केव्हां व कसा धरावा, आणि त्याचें बीज राखण्याचें काम कांठच्या शेतकऱ्याच्या हातीं कसें आहे, ह्याचा क्रमानें विचार करण्याचें योजिलें आहे. घाटावरील वाचकांसहि ह्यांतील पुष्कळ गोष्टी आपापल्या ओढ्या-नद्यांस लावून पाहतां येतील.

नदीचें स्वरूप

वाशिष्ठी नदी सह्याद्रींत तिवऱ्याच्या बाजूस उगम पावून पश्चिमेकडे वाहत येते. चिपळूण शहराजवळ गोवळकोटापर्यंत समुद्राची भरती पोंचते. तेथून पुढें नदी हें नांव मागें पडून लोक तीस खाडी म्हणूं लागतात. खेडवरून येणारी जगबुडी तीस मिळते, आणि मालदोली, परचुरी वगैरे गांवांवरून वळणें घेत ती उत्तरेस दाभोळ व दक्षिणेस अंजनवेल ह्यांच्या मधून समुद्रास मिळते. बहामनी व आदिलशाही अमलांत दाभोळ हें मोठें बंदर होतें, व मालाचीं तारवें ह्याच वाटेनें वर गोवळकोटापर्यंत चढत असत. पुढें मोटारीचे रस्ते झाले, हा जलमार्ग ओस पडला आणि दोहों तीरांवरील कित्येक गांवें आडबाजूस राहिलीं. डोंगराचा उतार थेट पाण्यास भिडलेला, मध्यें खाऱ्या जमिनीचे चिंचोळे पट्टे, अशी ह्या गांवांची सर्वसाधारण ठेवण आहे.

ह्या नदीस इतर कोंकणी नद्यांहून निराळें करणारी एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. १९६२ सालीं कोयना प्रकल्पाची वीजनिर्मिति सुरू झाली. तेव्हांपासून वीजगृहांतून उतरलेलें कोयनेचें पाणी पोफळीच्या बाजूनें वाशिष्ठीच्या खोऱ्यांत येतें. कोंकणांतील बहुतेक नद्या वैशाखांत डोहांपुरत्या उरतात. वाशिष्ठीस मात्र उन्हाळ्यांतहि वाहतें गोडें पाणी असतें. गोड्या पाण्याचा लोट जितका मोठा, तितकी खाऱ्या पाण्याची सीमा खालीं सरकते; लोट कमी झाला म्हणजे ती पुन्हां वर चढते. म्हणून दुसऱ्या खाडीचा अनुभव येथें जसाच्या तसा लावूं नये.

पाण्याची ओळख

मासेमारी शिकणाऱ्यानें जाळें हातीं घेण्यापूर्वी पाणी ओळखण्यास शिकावें. खाडींत पाण्याचे तीन भाग असतात : वर गोडें, मुखापाशीं खारें, व मध्यें निमखारें किंवा मचूळ. ह्यांच्या सीमा कायमच्या नसतात. श्रावणांत पुराचें गोडें पाणी थेट मुखाकडे रेटतें; चैत्रांत खारें पाणी आंतवर येतें. शिवाय खारें पाणी जड असल्यामुळें तें तळानें वर चढतें व गोडें त्याच्यावरून वाहतें. एकाच ठिकाणीं वर टाकलेल्या जाळ्यांत एक जात व तळाशीं सोडलेल्या गळास दुसरीच जात लागते, ह्याचें कारण पुष्कळदां हेंच असतें.

माशांच्या येरझारा

माशांचीं नांवें पाठ करण्यापेक्षां ते कोठें जन्मतात व कोठें वाढतात हें समजून घेणें अधिक उपयोगाचें आहे. त्या दृष्टीनें त्यांचे चार वर्ग पडतात.

पहिला वर्ग, समुद्रांत जन्मून खाडींत वाढणाऱ्यांचा. कोलंबी अंडीं समुद्रांत घालते. तिचीं बारीक पिलें भरतीबरोबर खाडींत शिरतात, कांदळाच्या मुळांत व उथळ चिखलावर कांहीं महिने वाढतात, आणि बोटाएवढीं झाल्यावर पुन्हां समुद्राची वाट धरतात. बोय माशाचा क्रम तसाच आहे. बोय चिखलावरील शेवाळ व कुजका पाला खातो. त्यामुळें तो गळास सहसा लागत नाहीं, जाळ्यानेंच धरावा लागतो. चिंबोरी खाडींत वाढते, परंतु अंडीं धरलेली मादी तीं सोडण्याकरितां समुद्राकडे उतरते.

दुसरा वर्ग, वर राहून प्रजेसाठीं खालीं उतरणाऱ्यांचा. ह्यांत जिताडा, ज्यास रत्नागिरीकडे खजुरा असेंहि म्हणतात, हा प्रमुख होय. तो नदींत व खाडींत वाढतो आणि पावसाळ्याच्या सुमारास मुखाजवळच्या खाऱ्या पाण्यांत जाऊन अंडीं घालतो. ह्या माशाची एक गोष्ट प्रत्येकानें जाणली पाहिजे. तरुणपणीं जिताडा नर असतो. कांहीं वर्षांनीं, चांगला मोठा झाल्यावर, त्याची मादी होते. अर्थात् खाडींतील सर्व थोर जिताडे मारले गेले तर मागें बहुधा नरच उरतात व बीज खुंटतें. गोड्या पाण्यांतील लांब नांग्यांचा झिंगाहि ह्याच वर्गांतला : त्याच्या पिलांस आरंभीं निमखारें पाणी लागतें व मग तीं वर चढतात. नदीवर वाट न ठेवतां आडवा बंधारा घातल्यास त्यांचें चढणें थांबतें.

तिसरा वर्ग, खाडींतच जन्मून खाडींतच राहणाऱ्यांचा. काळुंदर हा त्याचा नमुना. हा मासा पाण्यांतील खुंटास किंवा दगडास अंडीं चिकटवितो आणि नर-मादी दोघेंहि त्यांची राखण करितात. राखण करणारी जोडी धरली गेली कीं तीं अंडीं इतर मासे खाऊन टाकतात.

चौथा वर्ग, चढणीच्या माशांचा. मृगाचा पहिला जोराचा पाऊस होऊन ओढे वाहूं लागले म्हणजे मळवे, खवले, शिंगटे वगैरे मासे गाबोळीनें भरलेल्या पोटानें प्रवाहाविरुद्ध वर चढतात व ओढ्यांत, पाणथळींत आणि भाताच्या खाचरांतहि अंडीं घालतात. शेतकऱ्याशीं सर्वांत जवळचा संबंध ह्या वर्गाचा आहे.

तिसऱ्या, मुळे व कालवें हीं ह्या वर्गांबाहेरचीं. त्यांस जागा सोडून पळतां येत नाहीं. म्हणून गाळ बसणें, पाणी बिघडणें किंवा अतोनात वेंचणी होणें, ह्यांचा परिणाम त्यांवर प्रथम दिसतो.

भरतीचा हिशेब

खाडींतील कामाचें पंचांग भरती-ओहोटीवर चालतें. अमावास्या व पौर्णिमा ह्यांच्या सुमारास पाणी फार चढतें व फार उतरतें, त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार बेताचा असतो, तो भांग. भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरील जुना हिशेब असा कीं, तिथीच्या आंकड्याची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल तितक्या वाजतां सुमारें पूर्ण भरती. उदाहरणार्थ, षष्ठीस सहाची पाऊणपट साडेचार, म्हणून पहांटे व सायंकाळीं साडेचारच्या सुमारास भरती. द्वादशीस सकाळीं व रात्रीं नऊच्या सुमारास. त्यानंतर सुमारें सव्वासहा तासांनीं पूर्ण सुकती. हा हिशेब ढोबळ असून त्यांत तासाभराचा फरक धरावा. शिवाय तो मुखाजवळचा आहे; वरच्या गांवीं तीच भरती उशिरानें पोंचते. किती उशिरानें, हें आपल्या बांधापाशीं खुंट रोवून, त्यावर खुणा करून, एक पंधरवडाभर पाहून टिपून ठेवावें. ही टिपणी पुढें जन्मभर उपयोगी पडते. छापील भरतीकोष्टकें मिळतात त्यांच्याशींहि ती ताडून पाहावी.

साधनें व तीं वापरण्याची वेळ

पाग किंवा फेकजाळें हें एकट्या माणसाचें साधन. भरती लागतांच मासे खाण्याच्या शोधांत उथळ कडेस येतात, ती वेळ पागास उत्तम. पाणी चढून कांदळांत शिरल्यावर पाग मुळांत अडकून फाटतो.

बोकशी हें तोंड रुंद व शेपूट निमुळतें असलेलें पिशवीसारखें जाळें. तें खुंटांस बांधून प्रवाहाकडे तोंड करून लावितात. ओहोटीच्या ओढीनें कोलंबी व बारीक मासे त्यांत शिरतात. ह्यास ओढ जोराची लागते, म्हणून उधाणाचे दिवस योग्य.

गळ पाणी निवळ असतां व भरती-ओहोटी पालटण्याच्या वेळीं बरा चालतो. जिताडा जिवंत आमिषावर, विशेषतः कोलंबीवर, झडप घालतो. खडकाच्या कडेस किंवा ओढा खाडीस मिळतो त्या तोंडाशीं तो दबा धरून असतो.

चिंबोऱ्यांसाठीं लोखंडी कड्यास जाळें बांधून मध्यें माशाचें डोकें अडकवितात व दोरीनें तळाशीं सोडतात. ह्यास कित्येक ठिकाणीं फग म्हणतात. थोड्या थोड्या वेळानें तो झटक्यानें वर ओढावा.

कालवें व तिसऱ्या सुकतीच्या वेळीं काढितात. हें काम बहुधा बायका करितात. कालवें फोडतांना सबंध खडक खरवडूं नये. जुन्या शिंपांवरच नवीं पिलें बसतात, तेव्हां शिंप खडकावर राहूं द्यावी.

येथें एक सावधगिरीची सूचना देणें अवश्य आहे. वाशिष्ठींत, विशेषतः चिपळूण व गोवळकोट ह्या बाजूस, मगरी आहेत. कंबरभर पाण्यांत उभें राहून पाग टाकूं नये. तिन्हीसांजेनंतर एकट्यानें कांठावर बसूं नये. धरलेले मासे कमरेस बांधून पाण्यांत शिरूं नये.

बियाण्याची कणगी

कितीहि ओढग्रस्त झाली तरी समंजस कुणबी बियाण्याच्या कणगीस हात लावीत नाहीं. त्या कणगींतून एक पायली खाल्ली तर पुढल्या सालीं किती मण बुडतील हें तो जाणतो. परंतु तोच कुणबी मृगाच्या पहिल्या पावसांत ओढ्याच्या तोंडाशीं बांबूची खोईन लावून गाबोळीनें भरलेले मासे टोपलीनें घरीं आणतो, आणि त्यास कोणी चूक म्हणत नाहीं. हे चढणीचे मासे म्हणजेच नदीची बियाण्याची कणगी होय. एका मादीच्या पोटांत हजारों अंडीं असतात. ती खाचरांत पोंचून अंडीं घालून परत फिरली, तर पाऊस ओसरतांना त्याच ओढ्यानें तिची वाढलेली प्रजा खालीं उतरते. चढतांना धरलेला मासा आणि उतरतांना धरलेला मासा ह्यांत बी व पीक इतका फरक आहे.

चढणीची मासेमारी ही कोंकणांतील आवडीची गोष्ट आहे, ती एकदम सोडा असें म्हणणें व्यर्थ होय. परंतु गांवानें मिळून दोन गोष्टी ठरवितां येतील. एक, पहिल्या चढणीचे दोन-तीन दिवस कोणीं खोईन लावूं नये. दुसरी, त्यानंतरहि ओढ्याची सबंध रुंदी अडवूं नये. एक तृतीयांश वाट मोकळी ठेवावी. ह्यास सरकारी हुकूम नको, खर्च नको. गांवचा ठराव पुरे.

बीज बुडविण्याचे दुसरे मार्ग आहेत ते असे :

बारीक आसाचें जाळें. बोकशीच्या शेपटास मच्छरदाणीसारखें कापड लावल्यास कोलंबीचीं व जिताड्याचीं नुकतीं आलेलीं पिलें मणांनीं मरतात व सुकविण्याखेरीज त्यांची किंमत येत नाहीं. तीच पिलें चार महिने राहिलीं असतीं तर त्यांचे कितीपट पैसे झाले असते, ह्याचा हिशेब करून पाहावा.

विष व सुरुंग. गेळफळ कुटून डोहांत घालणें ही जुनी चाल, ब्लीचिंग पावडर किंवा पिकाचें औषध ओतणें ही नवी. १८९७ सालच्या कायद्यानें पाण्यांत विष घालून वा सुरुंग लावून मासे मारणें हा गुन्हा ठरविला. कायदा नसता तरी, लहानथोर सर्व मासे, त्यांचें खाद्य व गुरांचें पिण्याचें पाणी एकदम नासविणारा हा उपाय कोणा शहाण्यानें करण्यासारखा नाहीं.

खाचरांतील औषधें. कीडनाशकांपैकीं कित्येक माशांस अत्यंत मारक असतात. एंडोसल्फान हें त्यांतलेंच एक, त्यावर २०११ सालीं देशांत बंदी आली. औषध मारल्यावर कांहीं दिवस खाचराचें पाणी ओढ्यांत सोडूं नये, पंप व डबे ओढ्यांत धुऊं नयेत, आणि आभाळ भरून आलें असतां फवारणी करूं नये.

वरकस जमिनीची धूप. डोंगरउतारावरील माती पावसाबरोबर खालीं येऊन नदीचे डोह भरते. २२ जुलै २०२१ रोजीं चिपळुणास जो महापूर आला त्यानंतर वाशिष्ठीच्या पात्रांतील गाळ काढण्याचें मोठें काम हातीं घ्यावें लागलें. डोह हें माशांचें उन्हाळ्यांतील घर आहे. उताराला आडवी नांगरट, ताली व झाडझाडोरा राखणें, ह्यांनीं शेताची माती शेतांत राहते व डोहहि राहतो.

कारखान्यांचें पाणी. लोटे-परशुराम येथील रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्यानें मासे मरतात, ही ह्या खाडींतील मच्छीमारांची अनेक वर्षांची तक्रार आहे. असे प्रसंग घडल्यास कांठच्या शेतकऱ्यानें स्वस्थ बसूं नये. मेलेले मासे दिसतांच तारीख, वेळ व भरती-ओहोटीची स्थिति टिपावी, स्वच्छ बाटलींत पाणी भरून ठेवावें, ग्रामपंचायतीमार्फत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळास त्याच दिवशीं कळवावें, आणि तसले मासे खाऊं वा विकूं नयेत. एक-दोन भरत्या उलटल्यावर पाण्यांत पुरावा राहत नाहीं.

कांदळवन, खारबंदिस्ती व उघाडी

खाडीकांठीं तिवर, चिप्पी व कांदळ ह्यांचें जें वन असतें तें निरुपयोगी रान समजून पूर्वीं लोक सर्रास तोडीत. वस्तुतः तें वन कोलंबीच्या व माशांच्या पिलांचें पाळणाघर असून शेतकऱ्याच्या बांधाची ढालहि आहे : लाटेचा मार प्रथम झाडांवर बसतो, मग बांधावर. २००५ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें राज्यांतील कांदळवन तोडण्यास मनाई केली, आणि २०२० सालीं पांढरी चिप्पी हिला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. ज्याचा बांध वारंवार फुटतो त्यानें बांधापुढें झाडें आहेत कीं नाहींत हें प्रथम पाहावें.

खारबंदिस्तीची उघाडी हें शेत व खाडी ह्यांमधील दार होय. शेतांतील पावसाचें पाणी बाहेर जावें व खारें पाणी आंत येऊं नये, एवढ्यासाठीं ती असते. परंतु बांधाच्या आंतील जुन्या खाजणी नाल्यांत पिलें वाढत होतीं, तीं उघाडी सदा बंद राहिल्यानें बाहेरच राहतात. गोव्याच्या खाजणांत भाताचें पीक निघाल्यावर दारांतून भरतीचें पाणी नाल्यांत घेऊन मासे व कोलंबी वाढविण्याची वहिवाट फार जुनी आहे. आपल्याकडेहि पेण, अलिबाग ह्या बाजूस पावसाळ्यांत खाडींतील जिताड्याचीं पिलें आणून घराजवळच्या तळ्यांत वाढवितात. आतां तर रानांतील पिलें वेंचण्याचीहि गरज उरलेली नाहीं : चेन्नईच्या निमखाऱ्या पाण्यांतील मत्स्यपालनाच्या केंद्रीय संस्थेनें १९९७ सालीं जिताड्याचें बीज बंदिस्त जागेंत तयार करून दाखविलें, व असें बीज विकत मिळूं शकतें.

मात्र ह्या कामीं घाई नको. एका खारबांधाच्या आंत पुष्कळांचीं खाचरें असतात. एकानें आपल्या लोभानें खारें पाणी आंत घेतल्यास शेजाऱ्याचें भात बुडेल. म्हणून सर्व खातेदारांची संमति, खारें पाणी नाल्याबाहेर पसरणार नाहीं अशी आडबांधणी, आणि पहिल्या पावसांत जमीन धुऊन निघेल अशी निचऱ्याची व्यवस्था, ह्या तीन गोष्टी जमल्याशिवाय हात घालूं नये. निमखाऱ्या पाण्यांतील संवर्धनास २००५ च्या कायद्यानें नोंदणीहि लागते. रत्नागिरीजवळ शिरगांव येथें मत्स्यमहाविद्यालय आहे. तेथील सल्ला घेऊन मगच आरंभ करावा.

खाडी कोणाची

शेतकऱ्यानें आणखी एक गोष्ट मनांत बाळगावी. ह्या खाडीवर भोई, खारवी, दालदी वगैरे कुटुंबांचें पोट आहे. शेतकऱ्यास भाताचा आधार आहे, त्यांस जाळ्यावांचून दुसरा आधार नाहीं. तेव्हां शेतकऱ्यानें घरच्या कालवणापुरते मासे धरणें निराळें, व मजूर लावून त्यांच्या खुंटांच्या जागीं जाळीं लावणें निराळें. खाडीचें पाणी, येणारीं पिलें व मोडणारा हंगाम ह्यांचें ज्ञान त्यांजपाशीं आहे. तें विचारून घ्यावें, आणि गांवचा ठराव करतांना त्यांस प्रथम बोलवावें. त्यांच्या संमतीवांचून केलेला नियम एक पावसाळाहि टिकणार नाहीं.

सारांश

१. पहिल्या चढणीस खोईन लावूं नये. पुढेंहि ओढा सबंध अडवूं नये.
२. गाबोळीची चिंबोरी व राखणीवरची काळुंदराची जोडी सोडून द्यावी.
३. फार मोठा जिताडा पावसाळ्याच्या तोंडावर मारूं नये. ती बहुधा मादी असते.
४. बोकशीस मच्छरदाणीचें कापड लावूं नये.
५. फवारलेलें पाणी ओढ्यांत सोडूं नये.
६. बांधापुढील कांदळ राखावें. उघाडीचा वापर सर्वांच्या विचारानें करावा.
७. भरतीची टिपणी ठेवावी, व त्याच वहींत कोणत्या महिन्यांत कोणता मासा किती मिळाला हेंहि लिहावें.

शेवटचा नियम क्षुल्लक वाटेल, पण तोच सर्वांचा पाया आहे. भात उणें झालें तर तें मापानें तत्काळ कळतें. मासा उणा झाला तर कोणी माप घेतलेलें नसल्यामुळें तो पार नाहींसा झाल्यावरच कळतें. दहा घरांनीं अशा दहा वह्या पांच वर्षें ठेविल्या, तर आपली खाडी वाढते आहे कीं आटते आहे, हें त्या गांवास दुसऱ्या कोणास विचारावें लागणार नाहीं.